केन्सिंग्टनची शिळा: दहा वर्षं उशिरा घेतलेली साक्ष

अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात, मिनिआपोलिसच्या वायव्येला साधारण दोनशे किलोमीटरवर अलेक्झांड्रिया नावाचं गाव आहे. तिथे २८ फूट उंचीचा एक व्हायकिंग उभा आहे. लोक त्याला 'बिग ओले' म्हणतात. १९६४-६५ साली न्यूयॉर्कला जे जागतिक प्रदर्शन भरलं होतं त्यासाठी तो घडवला, आणि प्रदर्शन उरकल्यावर गावानं त्याला घरी आणलं. त्याच्या ढालीवर लिहिलं आहे : अलेक्झांड्रिया, अमेरिकेचं जन्मस्थान. शेती, तळी आणि उन्हाळ्यात मासे धरायला येणारे पाहुणे यांवर चालणाऱ्या गावानं एवढा मोठा दावा करायचा म्हणजे काहीतरी आधार हवाच. तो आधार जवळच्या संग्रहालयात ठेवला आहे : ९२ किलो वजनाचा, पाऊण मीटर लांबीचा एक काळसर दगड. कोलंबसाच्या आधी, १३६२ साली, स्कॅन्डिनेव्हियन माणसं इथे येऊन गेली असं त्यावर कोरलेलं आहे.

केन्सिंग्टनच्या या शिळेवर आजवर बरंच लिहून झालं आहे, आणि त्यातलं बहुतेक लिखाण 'खरी की खोटी' या एकाच खुंटीला बांधलेलं आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो. शिळेवरचा मजकूर चौदाव्या शतकातला नाही, एकोणिसाव्या शतकातला आहे. भाषेचे जाणकार हे पहिल्या काही महिन्यांतच सांगून मोकळे झाले होते आणि ते बरोबर होते. मग या बरोबर निकालानंतर सव्वाशे वर्षं वाद का चालला? स्थानिक इतिहास गोळा करणाऱ्या कुणालाही हे प्रकरण कामाचं वाटावं ते यासाठी. माझ्या समजुतीप्रमाणे गडबड दगडाच्या वाचनात झाली नाही. ती त्या दगडाभोवतीच्या माणसांशी कुणी बोललंच नाही तिथे झाली.

सापडला तो दिवस

ओलोफ ओमान हा स्वीडनच्या हेल्सिंगलँड प्रांतातला. जन्म १८५४ चा, अमेरिकेत आला १८७९ साली. डग्लस काउंटीत केन्सिंग्टन या खेड्याजवळ त्याची शेती होती. केन्सिंग्टनची वस्ती आजही तीनशेच्या आत आहे, यावरून तेव्हाची कल्पना यावी. १८९८ साली ओमान एका टेकाडावरची झाडं मुळासकट उपटून जमीन मोकळी करत होता. पॉप्लरच्या जातीचं एक झाड आडवं झालं आणि त्याच्या मुळांच्या विळख्यात हा दगड निघाला. दहा-एक वर्षांचा मुलगा एडवर्ड बापाबरोबर होता. दगडावर खुणा आहेत हे आधी त्याच्या लक्षात आलं.

आता गंमत बघा. हे नेमकं कधी घडलं? बहुतेक वृत्तांतांत नोव्हेंबर १८९८ आहे. खुद्द ओमाननं १९०९ साली दिलेल्या प्रतिज्ञापत्रात ऑगस्ट आहे. मिनेसोटात ऑगस्ट म्हणजे कापणीचे दिवस आणि नोव्हेंबर म्हणजे जमीन गोठायला लागलेली. शेतकरी माणूस या दोहोंत घोटाळा करील असं सहसा वाटत नाही. शिळा खोटी म्हणणाऱ्यांनी या फरकात लबाडी पाहिली आणि खरी म्हणणाऱ्यांनी तो हातावेगळा केला. मला त्यात फक्त मधली अकरा वर्षं दिसतात. पंचावन्न वर्षांच्या माणसाला 'नक्की कोणता महिना?' असं त्या वेळेपर्यंत कुणी कागद-पेन्सिल घेऊन विचारलं नव्हतं.

झाडाचंही तेच. झाड जुनं असेल आणि मुळं दगडाला वेढून चपटी झालेली असतील, तर दगड ओमान येण्याच्या आधीपासून तिथे असणार. झाड दहा-बारा वर्षांचंच असेल, तर कुणीही तो मागाहून पुरला असू शकतो. म्हणजे सगळ्या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा पुरावा ते झाड होतं. खोडाचा व्यास चार इंचांपासून दहा इंचांपर्यंत काहीही सांगितला गेला, कारण मोजणी झाली ती आठवणीतल्या झाडाची. वखारीत काम केलेल्या कुणीही बुंध्याची कडी मोजून वय सांगितलं असतं. पण सांगणार कशावरून? आज ना झाड उरलं आहे ना मुळं.

वसंत १८९९ : निकाल लागला, फाइल बंद

१ जानेवारी १८९९ रोजी केन्सिंग्टनचे एक व्यापारी जे. पी. हेडबर्ग यांनी मिनिआपोलिसच्या 'स्वेन्स्का अमेरिकान्स्का पोस्टेन' या स्वीडिश वृत्तपत्राला पत्र लिहिलं. ओमान नावाच्या माणसाला झाड उपटताना दगड सापडला, अक्षरं जुनी ग्रीक वाटतात, नक्कल सोबत जोडली आहे, असा त्याचा आशय. (काही अभ्यासकांना ही नक्कल, नक्कल वाटतच नाही. तिच्यातले बारीक फरक पाहून तो कच्चा खर्डा असावा असं त्यांचं म्हणणं आहे.) अक्षरं ग्रीक नव्हती, रून होती : उत्तर युरोपात लाकडावर नि दगडावर कोरायला वापरली जाणारी जुनी लिपी.

नक्कल मिनेसोटा विद्यापीठात स्कॅन्डिनेव्हियन भाषा शिकवणाऱ्या ओ. जे. ब्रेडा यांच्याकडे गेली. ब्रेडांनी मजकूर लावला, त्यातले आकडे मात्र त्यांना लागले नाहीत, आणि भाषा अलीकडची आहे असं त्यांनी जाहीर केलं. नॉर्वेच्या राजधानीतल्या पंडितांनी तारेनं कळवलं की कुणातरी स्वीडिश माणसानं छिन्नी, रून लिपीचं तोडकं ज्ञान आणि इंग्रजी यांच्या जोरावर केलेली ही भली मोठी बनवाबनवी आहे. इव्हॅन्स्टनच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातले जॉर्ज कर्म यांनी मात्र दगड मागवून स्वतः पाहिला. आधी त्यांना उत्सुकता वाटली होती, नंतर तेही नकाराकडे झुकले. दगड ओमानच्या घरी परत आला. त्यानं तो कोठाराच्या दाराशी, लेखाची बाजू खाली करून, पायरीसारखा टाकला होता असं सांगतात. त्यावर वाकडे खिळेही सरळ केले जात, असंही.

ब्रेडा केन्सिंग्टनला गेले नाहीत. नॉर्वेचे पंडित तर समुद्रापलीकडेच होते. १८९९ च्या वसंतात काही स्थानिक मंडळींनी ती जागा खणून पाहिली, पण काही हाती लागलं नाही. भाषातज्ज्ञाला शेतावर जायची गरजच काय, असं कुणी म्हणेल. लेख खोटा ठरवायला खरंच गरज नव्हती. पण खोटा लेख कुणीतरी, कधीतरी, कशासाठी तरी कोरलेला असतो, आणि ते शोधायला शेतावर जावंच लागतं. त्या वसंतात झाड पडून वर्षही झालं नव्हतं. शेजारी जिवंत होते आणि कुणीही कुठली बाजू घेतलेली नव्हती. शिवाय ज्याच्यावर पुढे संशय आला तो स्वेन फोगेलब्लाड, पूर्वाश्रमीचा स्वीडिश पाद्री, शेतोशेती फिरून शिकवणारा, ओमानच्या ओळखीचा, १८९७ साली म्हणजे फक्त दोन वर्षांपूर्वी वारला होता. त्याची पुस्तकं कुणाकडे गेली, त्यानं कुणाला रून शिकवले का, हे विचारायला तीच वेळ होती.

विद्वानांच्या निकालाचा सूरही ध्यानात घेण्यासारखा आहे. 'तोडकं ज्ञान', 'कुणीतरी स्वीडिश'. त्या भागातल्या शेतकऱ्यांनी हे आपल्याच भाषेतल्या वर्तमानपत्रात वाचलं. जे दगडाबद्दल बोललं गेलं ते त्यांनी स्वतःबद्दल ऐकलं, आणि त्यांचं अगदीच चुकलं असं मी म्हणणार नाही.

ज्यानं पहिल्यांदा ऐकून घेतलं

१९०७ साली शेतावर आला तो यालमार हॉलंड. जन्म नॉर्वेचा, शिक्षण विस्कॉन्सिन विद्यापीठात, राहणं विस्कॉन्सिनच्या डोर काउंटीत एफ्रेम गावी. नॉर्वेजियन वसाहतींचा इतिहास लिहायचा म्हणून तो मिडवेस्टभर घरोघर हिंडत होता, म्हाताऱ्यांकडून गोष्टी उतरवून घेत होता. आपण ज्याला आज मौखिक इतिहास म्हणतो तेच त्याचं काम. ओमानच्या अंगणात बसून त्यानं ऐकून घेतलं, दगड आपल्याकडे घेतला, आणि १९६३ साली मरेपर्यंत, म्हणजे पन्नासाहून जास्त वर्षं, त्या दगडाची वकिली केली.

हॉलंडला लबाड म्हणून मोकळं होणं सोपं आहे. तो चिकाटीचा होता, चांगलं लिहायचा, आणि त्याची श्रद्धा खोटी नव्हती. पण त्याच्या कामाची दिशा उलटी होती. निष्कर्ष ठरलेला, मग त्याला लागेल तेवढा इतिहास गोळा करायचा. १३५० च्या दशकात स्वीडन-नॉर्वेचा राजा मॅग्नस एरिक्सन यानं पॉल नुटसन याला ग्रीनलँडला जायची आज्ञा दिली होती. ती आज्ञा आपल्याला पुढच्या काळातल्या नकलेतून माहीत आहे आणि जहाजं खरोखर सुटली याचा पुरावा नाही. हॉलंडनं ती मोहीम हडसनच्या उपसागरातून थेट मिनेसोटात आणली. तळ्यांकाठच्या धोंड्यांत छिन्नीनं पाडलेली भोकं दिसली, तर ती व्हायकिंगांनी नावा बांधायला पाडली, असं त्यानं ठरवलं. वसाहतवाले धोंडे फोडायला सुरुंगासाठी तशीच भोकं पाडत. काही भोकं पाडून तशीच राहून जात.

१९०९ साली हॉलंडच्या खटपटीनंतर मिनेसोटा हिस्टॉरिकल सोसायटीनं समिती नेमली. ओमान, त्याचा मुलगा आणि शेजारी यांची प्रतिज्ञापत्रं जुलै १९०९ ची आहेत. म्हणजे साक्ष अखेर घेतली गेली, पण दगड खरा ठरावा अशी इच्छा असणाऱ्यांच्या पुढाकारानं, आणि कायद्याच्या ठोकळेबाज भाषेत. त्या कागदांत ओमान बोलत नाही, वकील बोलतो.

समितीतले भूवैज्ञानिक न्यूटन होरेस विंचेल मात्र स्वतः केन्सिंग्टनला गेले, एकदा नव्हे तर पुन्हा. कोरीव रेघांची झीज पाहून त्यांनी दगड पाचशे वर्षांचा असू शकेल असं म्हटलं. तो अंदाज कच्चा होता. पण त्यांची टिपणवही या सगळ्या प्रकरणातला मला सगळ्यात आवडणारा कागद आहे, कारण तिच्यात माणसं आहेत. कोण ओमानला सच्चा म्हणतो, फोगेलब्लाडबद्दल शेजारी काय सांगतात, ओमानच्या घरात कोणती पुस्तकं आहेत. त्या पुस्तकांत कार्ल रोसांडरचा स्वीडिश ज्ञानकोशवजा ग्रंथ होता आणि त्यात रून लिपीची माहिती होती. विंचेलचा कौल दगडाच्या बाजूनं पडला, पण त्यांनी नोंदून ठेवलेली माणसं आणि पुस्तकं पुढे दगडाच्या विरुद्ध कामी आली. एप्रिल १९१० मध्ये समितीनं अनुकूल अहवाल दिला. इलिनॉयचे भाषाशास्त्रज्ञ जॉर्ज फ्लोम यांनी त्याच वर्षी त्याला सविस्तर छेद दिला, आणि सोसायटीनं अखेरचा शब्द राखून ठेवला. तिथून पुढे दोन्ही पक्षांना दाखवायला एकेक अहवाल मिळाला.

लेख, गोष्ट म्हणून

आता मजकूर वाचू. माझ्या मराठीत तो असा (विनलँड म्हणजे व्हायकिंगांनी उत्तर अमेरिकेच्या किनाऱ्याला दिलेलं नाव) :

'८ गोटालँडी आणि २२ नॉर्वेजियन, विनलँडहून पश्चिमेकडे शोधप्रवासाला. या दगडाच्या उत्तरेस एका दिवसाच्या वाटेवर दोन खडकाळ बेटांपाशी आमचा तळ होता. एक दिवस आम्ही मासे धरायला गेलो. परत आलो तो १० माणसं रक्तानं लाल आणि मेलेली. आ व म, अरिष्टातून वाचव.' आणि कडेच्या बाजूवर : 'समुद्राकाठी आमची जहाजं राखायला १० माणसं आहेत, या बेटापासून १४ दिवसांच्या वाटेवर. साल १३६२.'

कोरणारा कुणीही असो, त्याला गोष्ट सांगता येत होती. एवढ्या थोड्या शब्दांत मोहीम आहे, तळ आहे, संकट आहे, प्रार्थना आहे, आणि लांब कुठेतरी वाट पाहणारी जहाजं आहेत. मासे धरायला गेल्याचा तपशील तर अस्सल मिनेसोटाचा. मुख्य गोष्ट सांगितलेलीच नाही : मारलं कुणी? खरे स्कॅन्डिनेव्हियन रूनलेख बहुधा कोरडे असतात. अमुक्यानं तमुक्याच्या स्मरणार्थ दगड उभा केला, बस. जीव मुठीत धरून पळणारी माणसं कठीण दगडावर रोजनिशी कोरत बसतात हे चौदाव्या शतकापेक्षा एकोणिसाव्या शतकातल्या कादंबरी वाचणाऱ्याला जास्त पटणारं आहे.

भाषेचा मुद्दा थोडक्यात. त्या काळच्या स्वीडिशमध्ये अनेकवचनी कर्त्याला क्रियापदही अनेकवचनी लागायचं. लेखात सगळीकडे एकवचनी रूपं आहेत, बोलीभाषेत ती नंतर रुळली तशी. 'शोधप्रवास' या अर्थाचा लेखातला शब्द चौदाव्या शतकातल्या कुठल्या कागदात दिसत नाही. आकडे काठीला आडव्या रेघा जोडून लिहिलेले आहेत, पण १३६२ हे एकं-दहं-शतं या स्थानांनी मांडलेलं आहे, आणि तेव्हाच्या रूनलेखांत वर्ष असं लिहीत नसत. शिवकाळातलं म्हणून कुणी मोडी पत्र पुढे करावं आणि त्यात स्वल्पविराम, अर्धविराम जागच्या जागी असावेत, तसं हे आहे. एकेका शब्दाचं समर्थन करता येतं, हॉलंडनं केलंही. सगळे मिळून एकाच काळाकडे बोट दाखवतात त्याचं काय, हा प्रश्न मात्र उरतो.

एरवी जे दुर्लक्षिलं जातं ते पहिल्याच ओळीत आहे. आठ गोटालँडी म्हणजे स्वीडिश बाजूचे, बावीस नॉर्वेजियन. १८९८ साली स्वीडन आणि नॉर्वे एका राजाखाली होते आणि तो संसार मोडायला आला होता. १९०५ ला मोडलाच. डग्लस काउंटीत मात्र दोन्हीकडचे लोक बांधाला बांध लावून नांदत होते. मध्ययुगात अशी संयुक्त मोहीम निघणं विलक्षण म्हणावं लागेल, ओमानच्या शिवारात ती रोजचीच होती. पाच वर्षांपूर्वी, १८९३ मध्ये, शिकागोच्या कोलंबस प्रदर्शनाला नॉर्वेहून जुन्या घाटाचं व्हायकिंग जहाज खरोखर अटलांटिक ओलांडून आलं होतं. मॅडिसनचे प्राध्यापक रास्मुस अँडरसन तर १८७४ पासून सांगत होते की कोलंबसाच्या आधी आमचे लोक इथे आले. सगळा देश इटालियन दर्यावर्दीची चारशे वर्षं साजरी करत असताना, मोडकं इंग्रजी बोलतो म्हणून हिणवल्या जाणाऱ्या शेतकऱ्याच्या कानाला ही गोष्ट किती गोड लागत असेल.

रक्तानं लाल कोण?

मारलं कुणी, हे लेख सांगत नाही, पण वाचणाऱ्यांनी ते लगेच भरून काढलं. हॉलंडपासून सगळे 'इंडियन' म्हणाले. याला कारण होतं, आणि ते चौदाव्या शतकातलं नव्हतं.

१८६२ साली मे महिन्यात होमस्टेड कायदा झाला. कुटुंबाला १६० एकर जमीन. त्याच ऑगस्टमध्ये दक्षिण मिनेसोटात तिथले मूळचे डकोटा लोक उठले. कराराचे पैसे थकलेले, धान्य गोदामात कुलूपबंद, घरात उपासमार. या उठावात शेकडो वसाहतवाले मारले गेले. केन्सिंग्टनच्या दक्षिणेला कांडियोही काउंटीत त्यांत स्वीडिश कुटुंबं होती. २६ डिसेंबरला मंकॅटो इथे ३८ डकोटा पुरुषांना एकाच वेळी फाशी दिली. अमेरिकेच्या इतिहासातली ती सगळ्यात मोठी सामूहिक फाशी. पुढच्या वर्षी काँग्रेसनं डकोटांना राज्याबाहेर घालवण्याचा कायदा केला. ओमान आला तेव्हा या गोष्टीला सतरा वर्षं झाली होती, आणि तळ्याकाठी परत आल्यावर आपली माणसं मेलेली सापडणं ही शेजारपाजाऱ्यांच्या घरातली आठवण होती.

दगडावरचं साल १३६२, उठावाचं १८६२. बरोबर पाचशे वर्षं. कोरणाऱ्यानं हे मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. त्याच्या मनात डोकावायची सोय नाही. वाचणाऱ्यांपुरतं मात्र बोलता येतं. गोरा, ख्रिस्ती माणूस इथे पाचशे वर्षांपूर्वी येऊन रक्त सांडून गेला होता असं ठरलं, की आता आलेले लोक परके राहत नाहीत, आणि हाकलले गेलेले लोक मूळचे धनी राहत नाहीत. 'अमेरिकेचं जन्मस्थान' या शब्दांचा अर्थ तिथल्या डकोटा आणि ओजिब्वे माणसाला कसा लागत असेल? अलेक्झांड्रियाच्या ढालीवर एवढा विचार करूनच अक्षरं काढली गेली असं नाही. पर्यटक यावेत एवढाच हेतू असेल. गावाच्या गोष्टी अशाच चालतात. आधी कुणाची तरी गरज भागते, मग मूळ गरज विसरली जाते आणि नुसती पाटी उरते.

दगडाची चढती कमान

यानंतरचं भराभर सांगतो. अलेक्झांड्रियाच्या व्यापारी मंडळींनी दगड गावात आणला. १९४८ साली तो वॉशिंग्टनला स्मिथसोनियन संस्थेत प्रदर्शनाला ठेवला गेला. संस्थेनं खरेपणाचा दाखला दिला नव्हता, पण तिथल्या काचेच्या पेटीनं जे व्हायचं ते काम केलं. १९५८ साली अलेक्झांड्रियात रूनस्टोन संग्रहालय उघडलं. त्याच वर्षी एरिक वालग्रेन यांचं दगडाला बनावट ठरवणारं पुस्तक आलं. १९६८ मध्ये मिनेसोटाचेच इतिहासकार थिओडोर ब्लेगन यांनी कागदपत्रं नव्यानं चाळून त्याच निकालाला दुजोरा दिला. ओमानच्या शेताचा काउंटीनं बाग केला. मधल्या काळात, १९६० पासून, कॅनडात न्यूफाउंडलँडला लान्स-ओ-मेडोज इथे खरी नॉर्स, म्हणजे जुन्या स्कॅन्डिनेव्हियन लोकांची, वस्ती सापडली. अकराव्या शतकाच्या सुरुवातीची, घरांच्या पायांसकट, लोहाराच्या भट्टीसकट. म्हणजे कोलंबसाआधी नॉर्स आले होते हे खरंच निघालं, फक्त मिनेसोटाच्या पूर्वेला अडीच-तीन हजार किलोमीटरवर, आणि साडेतीनशे वर्षं आधी. केन्सिंग्टनच्या भक्तांना यानं हुरूप आला. ज्यांनी उत्खननाचे अहवाल वाचले त्यांना उलट दिसलं. माणसं खरोखर राहिली तर काय काय मागे राहतं, ते तिथे आहे आणि इथे नाही.

एक गोष्ट मात्र मला राहून राहून हसवते. लेखातली 'आ व म' ही अक्षरं बहुतेक जण 'आवे व्हिर्गो मारिया' अशी लावतात. म्हणजे मेरीमातेची प्रार्थना. त्या मुलखातले स्कॅन्डिनेव्हियन जवळजवळ सगळे ल्यूथरपंथी, म्हणजे मेरीची प्रार्थना न करणारे प्रॉटेस्टंट. त्यांच्या अभिमानाचा दगड कॅथलिक प्रार्थना करत होता. कॅथलिकांनी ही संधी सोडली नाही. खुद्द केन्सिंग्टनमध्ये 'अवर लेडी ऑफ द रूनस्टोन', म्हणजे शिळेची मेरीमाता, या नावाचं चर्च उभं राहिलं.

उशिरा आलेले साक्षीदार

१९७६ साली मिनेसोटा हिस्टॉरिकल सोसायटीच्या त्रैमासिकात काही ध्वनिफितींवर आधारलेला लेख छापून आला. ओमानच्या एका शेजाऱ्याच्या मुलानं त्यांत सांगितलं होतं की बापानं आजारपणात कबुली दिली : मी आणि ओमाननं मिळून तो दगड केला. घटनेला सत्तर वर्षं झालेली, सांगणारा स्वतः तिथे नव्हता, बाप आणि ओमान दोघे मेलेले. ओमान १९३५ मध्ये वारला. दगड सापडलेलाच आहे असं तो सांगत आला, शेवटपर्यंत, आणि त्यानं दगडापासून पैसा केला असंही दिसत नाही. या फितींचं काय करायचं? मी त्यांना पुरावा मानणार नाही. शेजारघरात दोन पिढ्या काय बोललं जात होतं याची नोंद म्हणून मात्र त्या जपून ठेवाव्यात. हाच प्रश्न त्या शेजाऱ्याला १८९९ साली विचारला असता तर उत्तराला वजन आलं असतं, खरं असो वा खोटं.

ओमानच्या घराचे हाल या सगळ्यात कुणी मोजले नाहीत. एका पक्षाच्या लेखी तो ठग, दुसऱ्याच्या लेखी अडाणी : इतका अडाणी की त्याला असं काही जमणंच शक्य नाही. बचावासाठी हॉलंडपक्षानं हा अडाणीपणाच पुढे केला. ज्याच्या घरात ज्ञानकोश होता आणि जो वाचत होता, अशा माणसाला त्याच्याच मित्रांनी निरक्षराच्या जवळ नेऊन बसवलं.

आणि मग २००४. दगड नुकताच स्टॉकहोमच्या इतिहास संग्रहालयात प्रदर्शनासाठी जाऊन आला होता, त्यामुळे स्वीडनमध्ये त्याची चर्चा होती. त्या चर्चेतून उमेओच्या बोलीभाषा संग्रहातले काही कागद पुढे आले. १८८३ आणि १८८५ सालचे, एडवर्ड लार्सन नावाच्या दालार्ना प्रांतातल्या तरुण शिंप्यानं लिहिलेले. त्यांत रूनांच्या ओळी आहेत, काठी-रेघांचे आकडे आहेत, शिवाय चौकटींची एक गुप्तलिपी आहे. केन्सिंग्टनच्या दगडावरची जी वळणं कुठल्याच मध्ययुगीन लेखात मिळत नव्हती, आणि म्हणून एक पक्ष त्यांना बनावटीची खूण म्हणायचा तर दुसरा हरवलेल्या परंपरेची, ती या शिंप्याच्या कागदावर जवळजवळ जशीच्या तशी आहेत. परंपरा होती. फक्त ती चौदाव्या शतकातल्या दर्यावर्द्यांची नव्हती. गावोगाव हिंडणाऱ्या एकोणिसाव्या शतकातल्या कारागिरांची होती. 'तोडकं ज्ञान' म्हणून पंडितांनी ज्याची टर उडवली ते कुणाच्या तरी हातात पूर्ण, वापरातलं ज्ञान होतं, आणि पंडितांना त्याचा पत्ता नव्हता. दालार्नाच्या काही खेड्यांत तर रून लिपी एकोणिसावं शतक उलटेपर्यंत चालू होती.

ओमानचा हेल्सिंगलँड हा दालार्नाला लागूनच आहे. १८८० च्या दशकात त्या दोन्ही प्रांतांतून मिनेसोटाला माणसं जात होती : शिंपी, सुतार, शेतमजूर, एखादा पदच्युत पाद्री. त्यांच्या नोंदी स्वीडनच्या चर्चवह्यांत आहेत, कोण कोणत्या वर्षी कुठल्या गावाहून निघालं याच्या, आणि मिनेसोटाच्या जनगणनेत ते कुठे उतरले याच्या. दगडावरच्या रेघा पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली घालण्यापेक्षा त्या वह्या एकमेकींशी ताडून पाहणं मला जास्त कामाचं वाटतं.